बारा दिवस मागचं मॉस्को

२२ जून १८९७ ही तारीख तुम्हाला पाठ आहे. गणेशखिंडीचा रस्ता, रात्रीची वेळ, राणीच्या राजवटीच्या साठीचा सोहळा आणि रँडची बग्गी. त्यानंतर बरोबर बारा दिवसांनी तुम्ही मॉस्कोत उतरलात, तर तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही २२ जूनच. चूक तुमची नाही. रशियात अजून जुनं ज्युलियन कॅलेंडर चालतं, आणि या शतकात ते पश्चिम युरोपच्या, म्हणून इंग्रजांच्या, म्हणून आपल्याही बारा दिवस मागे आहे. काळात मागं जायला यंत्रबिंत लागत नाही. रशियाची सरहद्द ओलांडली की झालं.

दुपारचे दोन वाजलेत. 'स्लाव्यान्स्की बाजार' या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल पकडा. शेजारच्या टेबलावरचे दोघे लवकर उठणारे नाहीत. उंच, मिशीवाला, अकाली केस पिकलेला तो कॉन्स्तान्तिन अलेक्सेयेव. वय ३४. घरचा सोन्याचांदीची तार ओढण्याचा कारखाना आहे, म्हणजे आपल्या भाषेत जरीवाला. नाटकाचं वेड घराण्याला खपणारं नाही, म्हणून रंगमंचावर तो स्तानिस्लाव्स्की या नावानं उभा राहतो. समोरचा बुटका, दाढीवाला व्लादिमीर नेमिरोविच-दान्चेन्को. हा नाव झालेला नाटककार आणि नाट्यशिक्षक.

कान द्या. कलेविषयी मोठमोठं काही ऐकायला मिळेल म्हणून आला असाल, तर थोडी निराशा होईल. नटांना कपडे बदलायला स्वच्छ, उबदार खोली हवी, यावर दोघे बराच वेळ बोलतात. अमका नट घ्यायचा का, तमकी नटी कितीही नावाजलेली असली तरी का नको. मग वाटणी. कुठलं नाटक करायचं, यात शेवटचा शब्द नेमिरोविचचा. कसं करायचं, यात स्तानिस्लाव्स्कीचा. नाट्यसंस्था कशा फुटतात हे जवळून पाहिलेल्या माणसाला ही वाटणी ऐकून हसू येईल. (पुढं या दोघांचंही फाटलंच. पण त्याला अजून वर्षं आहेत.) हॉटेलातून उठून दोघे स्तानिस्लाव्स्कीच्या गावाबाहेरच्या घरी जातात आणि बोलणं संपतं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. अठरा तास. नाटकवाल्यांनी रात्रभर गप्पा मारणं यात नवल काही नाही. त्यातलं काहीतरी सकाळी शिल्लक राहिलं, हे नवल.

आता एक वर्ष गाळा.

१४ जून १८९८. मॉस्कोपासून तीसएक किलोमीटरवर पुश्किनो नावाचं गाव, बर्चची झाडं आणि एका ओळखीच्या गृहस्थांनी वापरायला दिलेलं लाकडी कोठार. आत छोटा रंगमंच बांधून घेतलाय. तुम्ही आता त्या दोघांच्या नव्या कंपनीत आहात. काम काय, तर पडेल ते. पगार विचारू नका. भागधारकांकडून जमवलेलं भांडवल जेमतेम २८,००० रूबल आहे आणि त्यातला मोठा वाटा साव्वा मोरोझोव या कापडगिरणीच्या मालकाचा आहे.

पहिल्याच दिवशी तुमच्या लक्षात येतं, की इथं झाडू मारायलाही पाळी लावलीय. रोज एकानं कोठार झाडायचं, खुर्च्या लावायच्या, सामोवार पेटवून सगळ्यांचा चहा करायचा. पहिली पाळी खुद्द स्तानिस्लाव्स्कीची. कारखान्याचा मालक हातात सूप-झाडणी धरून उभा आहे आणि दोन्हींपैकी काय कुठं लावायचं ते त्याला उमगत नाहीये. मग तो सामोवारकडे वळतो. निखारे घालतो, फुंकतो, खूश होतो. पाणी घालायचं राहून जातं. थोड्या वेळानं पितळी सामोवारचे सांधे सुटतात, तोटी गळून पडते आणि रशियातल्या सर्वांत महत्त्वाकांक्षी नाट्यसंस्थेचा पहिला दिवस बिनचहाचा जातो. हे त्यानं पुढं आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. मला त्याच्या सगळ्या सिद्धान्तांपेक्षा हा सामोवार जास्त भरवशाचा वाटतो.

तालीम सकाळी अकराला सुरू होते ती पाचपर्यंत. मग नदीत डुंबणं, जेवण, थोडी झोप आणि आठला पुन्हा उभे, रात्री अकरापर्यंत. उन्हाळा कडक आहे, कोठाराचं छप्पर तापतं. खरी गंमत वेळापत्रकात आहे. सकाळी अलेक्सेई टॉलस्टॉयचं 'झार फ्योदर'. (हा वेगळा टॉलस्टॉय, 'युद्ध आणि शांती'वाला नव्हे.) सोळाव्या शतकातला दुबळा, भला राजा आणि त्याच्याभोवती एकमेकांचे गळे धरणारे सरदार. संध्याकाळी त्याच फळ्यांवर शेक्सपिअरचं व्हेनिस. नाहीतर सॉफक्लीसचं थीब्ज, 'अँटिगनी', जवळजवळ साडेतेवीसशे वर्षांपूर्वीचं. राजाच्या दरबारात गुडघ्यावर बसलेला माणूस जेवून येतो आणि व्हेनिसच्या गल्लीत उभा राहतो. तेच घामट सदरे, तेच कोठार.

कुणा एकावर नजर ठेवायची असेल तर त्या हडकुळ्या, लांब नाकाच्या पोरावर ठेवा. नेमिरोविचचा विद्यार्थी, वय २४, नाव व्सेवोलोद मेयरहोल्ड. या एका मोसमात त्याच्या वाट्याला काय काय आलंय बघा. 'फ्योदर'मध्ये कारस्थानी सरदार वासिली शुइस्की. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शियाला मागणी घालायला येऊन चुकीची पेटी उघडणारा, तोऱ्यातला आरागॉनचा राजकुमार. गोल्दोनीच्या इटालियन सुखात्मिकेत फुकटा, कफल्लक उमराव. 'अँटिगनी'त आंधळा, वृद्ध भविष्यवेत्ता टायरेसियस. आणि या सगळ्यांच्या अधेमधे कुठंतरी एक तरुण लेखक, ज्याचं नाटक कुणालाच आवडत नाही. त्या शेवटच्याकडे आपण येऊच.

मधला एक प्रवास थोडक्यात. 'फ्योदर'साठी खऱ्या जुन्या वस्तू हव्यात म्हणून कंपनीतली माणसं जुन्या गावांत, मठांत, बाजारांत हिंडतात. निज्नी नॉवगोरदच्या जत्रेत स्तानिस्लाव्स्कीला जुन्या कापडांचा आणि भांड्यांचा एक ढीग दिसतो आणि तो अख्खा ढीग तो हजार रूबलना उचलतो. घरी आल्यावर तुम्हालाही तो उपसायला बसवतात. वाळवी, धूळ, मेणाचा वास, आणि मध्येच हाताला लागतो कलाबतूचा एक तुकडा, शंभरेक वर्षांचा असेल, पण नखानं घासला की अजून पिवळा. मग बायका सुया घेऊन बसतात. अख्खा पोशाख खऱ्या जरीचा करायला पैसे कुठले? तेव्हा गळपट्टीवर नाहीतर मनगटाशी एकच अस्सल तुकडा लावायचा, बाकी सगळं स्वस्त, रंगवलेलं. प्रेक्षकाची नजर अस्सल तुकड्यावर पडते आणि उरलेल्या नकलीलाही सोनं समजून जाते. ही अक्कल जरीच्या कारखान्यातच यावी. येवल्याच्या माणसाला ती समजावून सांगायची गरज पडणार नाही.

सप्टेंबरात मुक्काम शहरात हलतो. कारेत्नी र्याद, म्हणजे बग्ग्या करणाऱ्यांची आळी. तिथलं 'एर्मिताझ' थिएटर भाड्यानं घेतलंय. नाव भारी, पण उन्हाळ्यात इथं करमणुकीचे फुटकळ कार्यक्रम आणि बिअर चालायची. भिंतींना अजून तो वास आहे. तुम्हाला चुना-रंगाचा ब्रश मिळतो. भिंतींवरच्या जाहिराती पांढऱ्या रंगाखाली जातात, खुर्च्यांना खोळी चढतात. मेकअपच्या खोलीत कपडे टांगायला म्हणून एक खिळा ठोकायला घेतात, तर वीटच निघून पलीकडे पडते. भोकातून सरळ बाहेरची हवा आत. जानेवारीत या खोल्यांत भिंतीला टांगलेला पोशाख भिंतीलाच गोठून चिकटेल आणि नटाला तो ओढून काढावा लागेल. स्लाव्यान्स्की बाजारात ज्या उबदार खोल्यांवर इतकं बोलणं झालं होतं, त्या याच.

१४ ऑक्टोबर, पहिली रात्र. पडद्यामागे तुम्ही आहात. बाहेर वाद्यवृंदाची सुरुवात झालीय. स्तानिस्लाव्स्कीची या नाटकात भूमिका नाही. त्यामुळे करायला काही नाही आणि भीती मात्र सगळ्यांची त्याच्या एकट्याच्या वाट्याला. धीर द्यायला म्हणून तो नटांसमोर बोलू लागतो, शब्द वाद्यांत बुडतात. मग काय करावं? तो नाचायला लागतो. पांढराफटक चेहरा, घशातून काहीतरी ओरडत, पडद्याच्या अलीकडे हा सहाफुटी माणूस नाचतोय आणि नट त्याच्याकडे बघत आणखीच गारठताहेत. शेवटी रंगमंचाची व्यवस्था पाहणारा अलेक्सांद्रोव नावाचा नट मालकालाच रंगमंचावरून चालतं व्हायला फर्मावतो. आणि मालक मुकाट्यानं जातो. लक्षात ठेवा, ही कंपनी टिकली याचं एक कारण तुम्ही आत्ता पाहिलंत.

पडदा वर जातो. आता विंगेतून बघा, प्रेक्षकांना जे दिसतंय ते. झारच्या महालाच्या खोल्या बुटक्या आहेत, दारं इतकी ठेंगणी की सरदाराला वाकून आत यावं लागतं. राजवाडा म्हणजे उंच खांब आणि मोकळी जागा, ही सगळ्यांची सवय नेपथ्यकार व्हिक्टर सिमोवनं मोडलीय. बागेच्या प्रवेशात तर त्यानं झाडंच पुढं आणून लावलीत, थेट पायदिव्यांच्या रेषेवर. नट फांद्यांच्या मागे. पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाला नट पुरता दिसत नाही! नेहमीचा नट यावर रुसला असता. पण थोड्या वेळात तुम्हाला जाणवतं, की लोक खुर्चीत पुढं सरकून फांद्यांतून डोकावताहेत, शेजारच्या वाड्यातलं भांडण बघावं तसं. मधोमध इव्हान मॉस्कविन नावाचा २४ वर्षांचा कालपर्यंत कुणाला माहीत नसलेला मुलगा राजा होऊन बसलाय आणि त्याला कुणाचंच मन मोडवत नाही. हे नाटक १८६८ साली लिहिलं गेलं आणि तीस वर्षं सेन्सॉरनं रंगमंचावर येऊ दिलं नाही. दुबळा झार दाखवायचा म्हणजे काय! मध्यरात्रीपर्यंत कंपनी मॉस्कोभर झालेली असते. या मोसमात 'फ्योदर'चे पन्नासहून जास्त प्रयोग होतील.

इथं थांबलं असतं तर गोष्ट सोपी होती. भरजरी ऐतिहासिक नाटक चाललं, आता दुसरं भरजरी ऐतिहासिक काढा. आपल्याकडचा कुठलाही निर्माता हेच सांगेल आणि त्यात त्याचं फारसं चुकत नाही.

पण आठवडाभरात शेक्सपिअर पडतो. शायलॉक करणारा नट ज्यू उच्चार काढून बोलतो. खरेपणाचा हट्ट तिथंही, आणि तिथं तो अंगाशी येतो, लोकांना ते रुचत नाही. नोव्हेंबरातलं नाटक येतं आणि जातं. डिसेंबरच्या सुरुवातीला एकाच रात्री दोन छोटी नाटकं: त्यात गोल्दोनी बरा चालतो, जोडीचं नवं नाटक आपटतं. जर्मन लेखक हाउप्टमानच्या 'हानेले'वर सगळ्यांची भिस्त होती. मरणाऱ्या गरीब मुलीच्या स्वप्नांचं नाटक, तालमी झालेल्या, नेपथ्य तयार. ऐन वेळी मॉस्कोच्या धर्मगुरूंचा आक्षेप येतो आणि नाटक बंद. नेमिरोविच आणि स्तानिस्लाव्स्की विनवायला जातात, हात हलवत परत येतात. 'फ्योदर' लागतो त्या रात्री गल्ला भरतो, इतर रात्री नुसत्या खुर्च्या. तुम्ही रिकाम्या रांगांवर खोळी घालता.

आता भिस्त उरलीय ती एकाच नाटकावर. ज्यात त्या हडकुळ्या पोराला तरुण लेखकाचं काम आहे, त्यावर.

रशियनमध्ये त्याचं नाव 'चायका'. आपल्या चहाशी संबंध नाही, समुद्रपक्षी, सीगल. दोन वर्षांपूर्वी, १७ ऑक्टोबर १८९६ ला, पीटर्सबर्गच्या सरकारी थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला होता. ती रात्र एका लोकप्रिय विनोदी नटीच्या सन्मानाची होती. प्रेक्षक हसायला म्हणून आले होते आणि हसले. नको तिथं हसले. नाटककार अंतोन चेकॉव्ह थिएटरातून निसटून रात्री उशिरापर्यंत थंडीत रस्त्यांवर भटकत राहिला आणि पुन्हा नाटक लिहिणार नाही असं ठरवून मोकळा झाला. नेमिरोविचनं पत्रांवर पत्रं घालून परवानगी काढली. आणि स्तानिस्लाव्स्कीला ते नाटक कळलेलंच नव्हतं! हे तो स्वतः सांगतो. तरी भावाच्या गावी एकटा बसून त्यानं त्याची हालचाल न् हालचाल कागदावर मांडली: इथं थांबा, इथं बेडूक, इथं दूरवर कुत्रं, इथं दहा सेकंद कुणीच बोलायचं नाही.

त्या बेडकांची एक गोष्ट तुम्ही सप्टेंबरातल्या तालमीत ऐकलीय. चेकॉव्ह तेव्हा मॉस्कोत होता, क्षयाचा खोकला दाबत मागं बसला होता. विंगेतून बेडूक, चतुर, कुत्री वगैरे आवाज येणार असं कुणीतरी अभिमानानं सांगितलं. कशाला, असं त्यानं विचारलं. खरं वाटावं म्हणून, असं उत्तर मिळालं. मग त्यानं एका प्रसिद्ध चित्रकाराच्या चित्राचं उदाहरण दिलं: चित्रातल्या माणसाचं रंगवलेलं नाक कापून तिथं जिवंत नाक बसवलं तर? नाक खरं होईल, चित्र मात्र गेलं. सगळे हसले. बेडूक काही गेले नाहीत. त्याच दिवसांत 'फ्योदर'च्या तालमीत राणी झालेल्या ओल्गा क्निप्पेरकडे तो बघत राहिला होता, तेही काहींनी पाहिलं. पुढं १९०१ मध्ये दोघांचं लग्न झालं.

१७ डिसेंबर १८९८. बाहेर बर्फ. थिएटर अर्धवट भरलेलं. लेखक दूर याल्टाला, डॉक्टरांच्या हुकमानं. त्याची बहीण मारिया ऐन वेळी कंपनीत येऊन गेलीय: त्याची तब्येत नाजूक आहे, हा प्रयोगही पडला तर तो सोसायचा नाही, पुढं ढकलता येत नाही का? येत नाही. पुढं ढकलायला पैसेच नाहीत. मेकअपच्या खोल्यांत व्हॅलेरियनचा वास भरलाय. मन शांत करायचे थेंब सगळ्यांनी घेतलेत, काहींनी दोनदा.

तुम्ही विंगेत उभे राहा. पडदा वर जातो आणि समोर जवळजवळ अंधार. तळं, चंद्र आणि पायदिव्यांच्या अगदी कडेला, रंगमंचाच्या रुंदीवर एक लांब बाक. पात्रं येतात आणि त्या बाकावर बसतात. प्रेक्षकांकडे पाठ करून. सगळी. मोसमातला सर्वांत मोठा अपराध! संगीत नाटकाच्या पायदिव्यांपुढं येऊन समोरच्या रांगेच्या डोळ्यांत डोळे घालून पद म्हणणाऱ्या नटांची सवय असलेले तुम्ही मनातल्या मनात चरकता. आणि मग ऑक्टोबरातली ती झाडं आठवतात. इथं फांद्यांच्या जागी पाठी आहेत, इतकंच. ते चारशे पात्रांचं वाटावं असं दणदणीत नाटक आणि हे कुजबुजतं नाटक त्याच माणसांनी केलंय: आत जे चाललंय ते तुमच्यासाठी नाही, तुम्ही फक्त डोकावताय. भरजरीवर सराव झाला, तो बाकावर उपयोगी पडला. उलटं झालं असतं असं मला वाटत नाही. 'फ्योदर'नं नुसता गल्ला दिला नाही. रंगमंचावर माणसांनी कुठं, कसं असायचं याचा हातही बसवून दिला. आपल्याकडे प्रायोगिक आणि व्यावसायिक अशा दोन पंगती वाढून ठेवल्यात आणि एका पंगतीतला दुसरीकडचं ताट बघत नाही. तिकडं त्या मोसमात पंगत एकच होती, कारण दुसरीला पैसे नव्हते.

बाकावर स्तानिस्लाव्स्की पाठमोरा बसलाय. तो आज ट्रिगॉरिन, नामवंत लेखक. प्रेक्षकांना न दिसणारं तुम्हाला विंगेतून दिसतं: त्याचा एक पाय थरथरतोय आणि तो हातानं दाबून धरतोय. क्निप्पेर, कालची झारीण, आज वय लपवणारी नटी. मेयरहोल्ड तो तरुण लेखक, त्रेप्लेव्ह. त्यानं मांडलेलं नाटकातलं नाटक चाललंय आणि त्या नटीला, त्याच्या बुरसटलेल्या आईला, ते हास्यास्पद वाटतंय. पीटर्सबर्गला नेमकं इथंच हसू फुटलं होतं. तुम्ही श्वास धरता. बाहेर कोणी हसत नाही. टाळीही नाही. काहीच नाही.

पहिल्या अंकाचा पडदा पडतो. आणि शांतता.

ही शांतता किती लांबली याबद्दल त्या रात्रीच्या माणसांचं एकमत होणार नाही. रंगमंचावर पडद्यामागे सगळे तसेच गोठून उभे. क्निप्पेर हुंदका आवरतेय. कोणी कुणाकडे बघत नाही. सगळे न बोलता विंगेकडे वळतात. संपलं. तुम्हीही बाकाकडे हात नेता, उचलून ठेवायला. आणि तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज येतो, आधी टाळ्या आहेत हे कळतही नाही, बांध फुटावा तसा. पडदा घाईनं वर जातो, नट प्रेक्षकांकडे अर्धवट वळलेले, नमस्कार करायचंही भान नाही. पुन्हा पडदा, पुन्हा वर. विंगेत लोक एकमेकांचे मुके घेताहेत, रशियन ईस्टरच्या रात्री घेतात तसे, आणि त्यात नाटकाशी संबंध नसलेली, सहज आत आलेली माणसंही आहेत. कुणीतरी तुमच्याही गळ्यात पडतं. आणि स्तानिस्लाव्स्की नाचतोय. याही वेळी. आज मात्र त्याला कोणी हाकलत नाही.

शेवटच्या अंकानंतर प्रेक्षक हटून बसतात, लेखकाला तार करा. तार जाते. मग एक खास नाटकवाली गंमत: क्निप्पेर आजारी पडते आणि लगोलगचे दोन प्रयोग रद्द होतात. याल्टात चेकॉव्ह 'आजारपणामुळे प्रयोग रद्द' वाचतो आणि त्याला वाटतं, आपल्याला सांभाळून घ्यायला थाप मारताहेत, नाटक पडलं. मे महिन्यात तो मॉस्कोला येतो, तेव्हा मोसम संपलेला, एर्मिताझ हातचं गेलेलं. त्याच्या एकट्यासाठी म्हणावं असा प्रयोग दुसऱ्या एका थिएटरात, बिननेपथ्याचा लावतात. तो बघतो. मग डोळे मिचकावत स्तानिस्लाव्स्कीला सांगतो, छान, पण तुमच्या ट्रिगॉरिनचे बूट फाटके हवेत आणि पँट चौकडीची. स्तानिस्लाव्स्कीनं ही भूमिका पांढऱ्याशुभ्र सुटात, देखणी करून उभी केली होती. त्याला ती फाटक्या बुटांची सूचना कळायला वर्ष लागलं. नाटकातली निना त्या माणसाच्या प्रेमात पडते ती त्याच्या कपड्यांमुळे नव्हे, तिच्या स्वतःच्या डोळ्यांतल्या चित्रामुळे. माणूस मुळात फाटक्या बुटांचाच आहे. जरीचा एक अस्सल तुकडा कुठं लावायचा हे ज्याला माहीत होतं, त्याला फाटका बूट कुठं घालायचा हे लेखकानं सांगावं लागलं.

पुढं त्या स्तानिस्लाव्स्कीचं पुस्तक के. नारायण काळ्यांनी 'अभिनय-साधना' म्हणून मराठीत आणलं आणि आपल्या कित्येक शिबिरांतून त्याची पारायणं झाली. मेयरहोल्ड मोठा दिग्दर्शक झाला, गुरूच्या अगदी उलट्या वाटेनं गेला आणि २ फेब्रुवारी १९४० रोजी स्तालिनच्या माणसांनी त्याला गोळी घातली. पण हे सगळं तुम्हाला आत्ता माहीत असायचं कारण नाही. तुम्ही अजून डिसेंबरात आहात, वर्षाअखेरीच्या बर्फात, आणि मोसम संपलेला नाही. ग्रीक 'अँटिगनी' जानेवारीत आहे, इब्सेनची 'हेडा गाब्लर' फेब्रुवारीत. मेयरहोल्डला आता म्हाताऱ्या टायरेसियसची दाढी लावून बघायचीय.

तुम्हाला मात्र निघायला हवं. सरहद्द ओलांडलीत की बारा दिवस परत करावे लागतील. मॉस्कोत नववर्षाची पहिली सकाळ उजाडते, १ जानेवारी १८९९. इंदूरला त्या दिवशी तारीख आहे १३. तिथं 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' गाऊन नावारूपाला आलेली किर्लोस्कर नाटक मंडळी मुक्कामाला आहे, आणि आज तिच्या नाटकात राजा नाही, अप्सरा नाही, सुभद्राहरण नाही. बापानं पैशांसाठी म्हाताऱ्याला द्यायला काढलेली एक मुलगी आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'चा पहिला प्रयोग त्याच दिवशी झाला.